एडक्याची गाठ

धडा पहिला : बसणे

कयाकमध्ये बसताना आधी बूड टेकवायचं, पाय मागून घ्यायचे. अंगदने हे साखऱ्याच्या पाझर तलावावर बायकोला बारा वेळा सांगितलं. सुकन्याने बाराही वेळा आधी पाय टाकला, कारण जीपमध्ये, बैलगाडीत, परक्याच्या उंबऱ्याआत माणूस आधी पायच टाकतो. बाराही वेळा ती पाण्यात पडली.

"पुन्हा," अंगद म्हणायचा.

तो काठावरच्या दगडावर बसलेला, डावा हात पँटच्या खिशात. सुकन्याने त्याची जुनी ट्रॅकपँट घातली होती, वर त्याचाच लांब बाह्यांचा शर्ट, कमरेला दोरी. धुणं धुणाऱ्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. तेराव्यांदा ती बसली. बसली आणि श्वास धरून तशीच राहिली. अंगद उठला, गुडघाभर पाण्यात आला आणि पायाने कयाक उलटी केली.

"बसणं झालं," तो म्हणाला. "चल घरी."

ही कयाक इथं कशाला

समुद्र इथून दीड दिवसाच्या वाटेवर आहे. कयाक तिथूनच आली. पिवळी, दहा फुटी, प्लास्टिकची, बुडाला भेग पडलेली आणि ती वितळवून सांधलेली. तातेराव नावाचा कनेरगाव नाक्याचा ड्रायव्हर कोकणातून नारळ भरून वाशिमला येत होता. त्याने ती ट्रकच्या टपावर बांधून आणली आणि नाक्यावरच्या ढाब्यासमोर उतरवली. चहा पिणाऱ्यांपैकी एकाला ती मेंढरांची गव्हाण वाटली, दुसऱ्याला मयत न्यायची नवी सोय. अंगदची आई यशोदाबाई हिने दारात आल्यावर तिच्यावर बोटांनी वाजवून पाहिलं आणि विचारलं की ह्याच्यात पाणी राहील का. अंगदने सांगितलं, आई, पाणी बाहेर राहायला पाहिजे. मग काय कामाची, ती म्हणाली आणि कोकरांकडे गेली.

अंगद तीन वर्षं कोकणातल्या एका खाडीवर, पर्यटकांना कयाकमधून गळाने मासे धरायला शिकवणाऱ्या कॅम्पवर कामाला होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला माणूस, जो खाऱ्या पाण्यावर पोट भरायला गेला. एप्रिलमध्ये तो घरी आला तेव्हा डाव्या हाताची तीन बोटं मेलेली होती. शिंगाळा नावाचा मासा असतो, त्याचा काटा विषारी, असं त्याने सांगितलं. सगळ्यांना पटलं. साखऱ्यात शिंगाळा कुणी पाहिलेला नव्हता.

मालकाने फोनवर सरळ सांगून टाकलं होतं. दोन बोटांचा माणूस वल्हं मारू शकत नाही. पण पुण्याकडून बायकांचे गट यायला लागलेत, त्यांना शिकवायला बाई हवी आहे. तुझी बायको दसऱ्यापर्यंत शिकली तर ती पाण्यात, तू किनाऱ्यावर, दोघांना ठेवतो. नाही शिकली तर तूही येऊ नको.

म्हणजे अंगदची भाकरी आता सुकन्याच्या हातात होती, आणि हे त्याला रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायचं.

सुकन्याला समुद्राचं काही पडलं नव्हतं. तिला या घरातून निघायचं होतं. आठ वर्षं ती मेंढरांमागे आणि यशोदाबाईपुढे चालत होती.

धडा तिसरा : मीठ

"दुसरा कुठं गेला?" सुकन्याने विचारलं.

"दुसरा तिथं गेल्यावर. त्याला लागतं तसलं पाणी इथं न्हाई."

हे खरं होतं. तलावाचं पाणी उन्हाने आटतं, पावसाने वाढतं, बाकी जागचं हलत नाही.

मेंढरांना चाटायला आणलेलं खडेमीठ घरात पोत्यात होतं. अंगदने बादलीत चार ओंजळी टाकलं, ढवळलं, आणि सुकन्याला सांगितलं, तोंड आत घाल, डोळे उघडे ठेव, मी वीसपर्यंत मोजतो. समुद्रात उलटलीस तर डोळे मिटून चालत नाही.

तो सावकाश मोजायचा. चौदावर थांबून तंबाखू मळायचा. पंधरा.

तिच्या डोळ्यांत दोन दिवस लाल शिरा होत्या. यशोदाबाईने तिला दारात बसायला मनाई केली. लोकांना वाटंल आमी रडवून राहिलो, ती म्हणाली.

कॅम्पवर असला धडा कुणी कुणाला देत नाही. तिथं एवढंच सांगतात की पाणी खारं आहे, गिळू नका.

धडा चौथा : फेकणे

इथं अंगदची चूक झाली. त्याला वाटलं होतं की गळ फेकायला शिकायलाच तिला महिना जाईल, पर्यटकांना तर आठ दिवसांत धड जमत नाही. पण कळपाच्या पुढे गेलेली मेंढी वळवायला सुकन्या रोज शंभर दगड मारत आली होती, मेंढीला न लागता तिच्या नाकाच्या वीतभर पुढे. मनगट तेच. पहिल्याच फेकीत गळाला लावलेला प्लास्टिकचा खोटा मासा तलावाच्या मध्यावर, बुडालेल्या बाभळीच्या बुंध्याजवळ टुपकन पडला. तिने रीळ फिरवली. दुसरी फेक त्याच जागी.

काठावरचं हसणं थांबलं.

चौथ्या दिवशी तिला दोन किलोची मरळ लागली. वल्हं मांडीखाली, रॉड पोटाला टेकवलेला, कयाक माशामागे गोल फिरते आहे आणि सुकन्या तिला फिरू देते आहे. हे अंगदने शिकवलंच नव्हतं. तातेराव ट्रक लावून बघायला आला होता. तो म्हणाला, "अंगदराव, आता तुमी बादली घेऊन मागं बसा, मासे मोजायला."

लोक हसले. या वेळी कुणाला, ते अंगदला कळलं.

त्याने तिला मासा पाण्यात सोडायला लावला. कॅम्पवर सोडूनच देतात, तो म्हणाला. सुकन्याने मरळ दोन्ही हातांत धरून थोडा वेळ पाहिली. घरात त्या दिवशी भाकरीबरोबर खायला कोरड्यास काही नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. तिने हात पाण्यात घातले आणि उघडले.

घरी यशोदाबाईने विचारलं, मासा कुठाय. अंगद म्हणाला, तिच्या हातून सुटला.

धडा पाचवा : गप्प बसणे

हा तिला येत होता.

धडा सहावा : बांधणे

मासे धरताना कयाक एका जागी राहायला पाहिजे आणि हात मोकळे पाहिजेत. खाडीत कोळ्यांनी जाळ्यांसाठी खुंट रोवलेले असतात, त्यांना बांधतात. इथं बाभळीचा बुंधा होता.

"बांध," अंगद काठावरून ओरडला. कशी, कुठून, काही सांगितलं नाही.

सुकन्याने दोरी घेतली आणि तिच्या हातांनी आपोआप गाठ मारली. बुंध्याला दोन वेढे, शेंडा खालून वर, वरून पुन्हा आत, आणि एक हिसका. ही एडक्याची गाठ. माजावरचा मेंढा रात्रभर खुंटाशी झुंजतो. तो जितका ओढेल तितकी ती आवळते, आणि सकाळी तिला सोडवायला दाताने धरावं लागतं. या घरात लेकरू चालायला लागलं की ही गाठ शिकतं. दुसरं टोक तिने कयाकच्या बाजूच्या कडीला, आपल्या कमरेशी, जिथं हात पोचतो तिथं, त्याच गाठीने बांधलं. मग मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

अंगद उभा होता. खिशातला हात बाहेर आला होता. तो बराच वेळ गाठीकडे बघत राहिला, इतका वेळ की सुकन्याला वाटलं आता शिवी येणार.

"बराबर," तो म्हणाला.

महिन्याभरात पहिल्यांदा. सुकन्या घरापर्यंत हसत आली, डोक्यावर वल्हं, आणि रस्त्यात भेटलेल्या दोघींना तिने आपणहून सांगितलं की आज आमचे हे बराबर म्हणले.

फोन, अंगदच्या बाजूने

हां सर. बघितला का व्हिडिओ? तातेरावनं काढला. हां, तीच. न्हाई सर, पहिल्यापासून मीच शिकवलं. हां. कधी, सोमवारी? दोघं निघतो. एकटी?

न्हाई सर, हात बरा हाय आता.

न्हाई, धुवायचं काम, गाडीचं काम, कायबी.

पुढच्या वर्षी. हां.

हां सर. पाठवतो.

हिंगोलीचा स्टँड

पिशवीत दोन साड्या, ट्रॅकपँट, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. यशोदाबाई आली नव्हती. तिने आदल्या दिवशीच सुनेला सांगून टाकलं होतं की गेलीस तर गेलीस, मेंढरं काही तुझ्यावाचून मरत नाहीत.

गाडी लागली. सुकन्या पायरीवर चढली आणि वळली.

"दुसरा धडा राहिला की."

अंगदने खिशातल्या हाताची दोन बोटं तेवढी हलवली.

"त्यात काही न्हाई. बांधणंच हाय. ते तुला येतंय."

एप्रिल

कॅम्पवर प्रत्येकाला खिशात मावेल असं भरती-ओहोटीचं कॅलेंडर देत. अंगदकडे यंदाचं होतं. सुकन्या गेल्यापासून तो ते रोज काढून बघायचा. पौर्णिमेला उधाण. दुपारी बारा वीसला भरती पुरी. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं खाडीचं पाणी तलावासारखं स्वस्थ, आणि मग सगळं समुद्राकडे धावायला लागतं.

तीन वर्षं किनाऱ्यावर बोटी धुतल्यावर एप्रिलमध्ये त्याला पहिल्यांदा एकट्याला पाण्यात पाठवलं होतं. पाणी स्वस्थ होतं. त्याने खुंटाला कयाक बांधली, बाजूच्या कडीतून, कमरेशी, एडक्याच्या गाठीने. मग पाणी फिरलं. कयाक आडवी झाली, प्रवाह कडेवर चढला, कड खाली गेली. टोकाला बांधली असती तर ती नाक वर धरून तरंगत राहिली असती. गाठ एका ओढीत सुटणारी असती तर तो निघून गेला असता. त्याने गाठीत बोटं घातली. पाण्याने दोरी ओढली, गाठ आवळली, तीन बोटं दोरी आणि खुंटाच्या मधे. अर्धा तास तो गळ्यापर्यंत पाण्यात त्या खुंटाला लटकून होता, बांधलेल्या जनावरासारखा, मग एका होडीवाल्याने कोयत्याने दोरी तोडली. होडीवाल्याने तुटकी गाठ हातात घेऊन विचारलं, ही कसली रे. अंगद वेदनेत होता, म्हणून खरं बोलला. एडक्याची, तो म्हणाला.

किनाऱ्यावर पोचेपर्यंत गोष्ट त्याच्या आधी पोचली होती. त्याला धरून आणताना कॅम्पमधली माणसं बें बें करत होती. मालकही हसला, मग बोटं बघून थांबला.

शिंगाळा मासा अंगदला परतीच्या गाडीत सुचला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळी

तो मेंढरं सोडत होता. सुकन्याचा फोन आला. तिचा आवाज वाऱ्यात होता. उद्या पहिल्यांदा तिला एकटीला खाडीच्या तोंडाशी पाठवताहेत, तिने सांगितलं, जागा बघून यायला, परवा पुण्याच्या बाया येणार आहेत. बारा वाजता निघायचं.



"खुंटाला बांधायचं हाय," ती म्हणाली. "बाजूनं बांधू का टोकानं?"

कळपातली एक मेंढी रस्त्याकडे निघाली होती. तिला वळवायला कुणी नव्हतं.

"बाजूनं," अंगद म्हणाला. "हात पोचतो तिथं."

"अन् गाठ?"

"आपली. एडक्याची."

"बरं," सुकन्या म्हणाली, आणि फोन ठेवला.

पौर्णिमा, बारा वीस

तो तलावावर दगडावर बसला होता. फोन मांडीवर. रेंज होती, बॅटरी होती. पाणी स्वस्थ होतं. बाभळीच्या बुंध्याला सुकन्याने बांधलेली दोरी अजून तशीच होती. त्याने दोनदा ती सोडवायचा प्रयत्न केला होता आणि एका हाताने जमलं नव्हतं.

बारा तीस. त्याने फोनवर तिचं नाव उघडलं, अंगठा त्यावर धरला.

त्याला तिची मरळ आठवली. तातेराव आठवला. बें बें आठवलं. तिला त्यातलं काहीच होणार नाही, तिला तिथं सगळे शाबास म्हणतील, आणि मग एक दिवस कुणीतरी तिला गोष्ट सांगेल.

बारा चाळीस. फोन त्याने खिशात ठेवला, डाव्या.

घरी येऊन त्याने आईला सांगितलं की आज जेवण नको. यशोदाबाई म्हणाली, बरं झालं, पीठ कमीच हाय.

धडा दुसरा

पाच वाजता फोन वाजला. अंगदने तो वाजू दिला. पुन्हा वाजला. अंगणात यशोदाबाई कोकरं बांधत होती. कयाक भिंतीशी होती, तिच्यात पाणी भरलेलं, चार मेंढ्या तिच्यात तोंड घालून पीत होत्या. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा यशोदाबाई म्हणाली, उचल की, का मी उचलू.

व्हिडिओ होता. सुकन्या होती. केस ओले, नाक उन्हाने सोललेलं, अंगात कॅम्पचं नारंगी जॅकेट.

अंगदचं तोंड उघडं राहिलं.

"आत्याबाईंना बोलवा," ती म्हणाली.

यशोदाबाई आली. सुकन्याने तिला एप्रिलमधली सगळी गोष्ट सांगितली. सावकाश, वीसपर्यंत मोजावं तशी. खुंट, कड, गाठ, कोयता, बें बें. मासा नव्हता, हेही सांगितलं. उतरले त्याच दिवशी स्वयंपाकाच्या बाईने मला सांगितलं, ती म्हणाली. इथं मला नावाने कुणी हाक मारत नाही, एडक्याची बायको म्हणतात. त्याच दिवशी कॅम्पवाल्यांनी मला दुसरी गाठ शिकवली.

"मंग काल काहून इचारलंस?" अंगद म्हणाला.

"बघावं म्हणलं."

एक मेंढी पाण्यात फुर्र करून बाजूला झाली. यशोदाबाईने मुलाच्या हाताकडे पाहिलं, सहा महिने जो ती तेलाने चोळत आली होती आणि ज्यासाठी तिने माशांच्या अख्ख्या जातीला शिव्या दिल्या होत्या. मग ती हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून, डोळे पुसत, फोन हातात गदगदा हलवत. एडक्याची, ती म्हणत होती, एडक्याची रे बाबा, पानी का मेंढी हाय.

सुकन्या हसली नाही. तिने मालकाचा निरोप सांगितला. फेब्रुवारीपासून किनाऱ्यावरच्या कामाला एक माणूस हवा आहे. अंगदला घ्यायचं का, ते मालकाने तिच्यावर सोडलं आहे. एकच अट, गाठ आली पाहिजे. त्या कॅम्पवर कुणी पुन्हा एडका बांधायचा नाही.

"दोरी घ्या," ती म्हणाली.

तो उभा राहिला.

"घ्या. यायचं न्हाई का?"

त्याने कोकराची दोरी घेतली. खुंटाजवळ बसला. शेजारच्या घरातून दोघं-तिघं भिंतीवरून डोकावत होते, तातेराव त्यांच्यातच होता. सुकन्याने सांगितलं, एक वेढा. आता शेंडा आत घालायचा नाही, शेंड्याची दुमड करून ती दुमड आत घालायची. शेंडा मोकळा लोंबला पाहिजे. ओढला की सुटली पाहिजे. सुरगाठ म्हणतात, बुटाच्या नाडीची असते तसली.

उजव्या हाताने त्याने दुमड धरली. डाव्याच्या दोन बोटांनी वेढा धरायचा होता. वेढा घसरला.

"पुन्हा."

घसरला.

"पुन्हा."

चौथ्यांदा वेढा राहिला, पण उजवा हात स्वतःहून खालून वर गेला, वरून पुन्हा आत, आणि एक हिसका. अंगदने शेंडा ओढला. गाठ आवळली.

"ही कोनती?" सुकन्याने विचारलं.

तो खुंटाकडे तोंड करून पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा. वाऱ्यात ऐकू येत न्हाई."

"एडक्याची," अंगद म्हणाला. भिंतीवर कुणीतरी बें केलं.

"सोडवा. दातानं सोडवा. हां. पुन्हा."

यशोदाबाईचा हात दुखायला लागला. तिने फोन कयाकच्या पिवळ्या कडेला टेकवून उभा केला, त्याच्या हातांवर नीट नेम धरून, आणि पीत असलेल्या मेंढीला कोपराने बाजूला सारलं. नवव्यांदा गाठ खुंटावरून गळून पडली. दहाव्यांदा तो रडत होता, पण मान खाली असल्यामुळे फक्त मेंढ्यांना दिसत होतं.

"आत्याबाई," सुकन्या म्हणाली, "बॅटरी किती हाय बघा."

यशोदाबाईने फोन डोळ्यांजवळ नेला. लाल झाली हाय, ती म्हणाली.

"मंग चार्जर आणा."

यशोदाबाई उठली आणि चार्जर आणायला घरात गेली.